ओलांडलेली चाळीस पाने : ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांच्या लेखक-संपादकांना खुले पत्र

प्रति,
ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहिणारे लेखक आणि त्या छपाईला जाण्यापूर्वी वाचणारे संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेले तीन आठवडे मी एका कादंबरीच्या संगतीत काढले आणि परवा रात्री ती एकदाची संपवली. या तीन आठवड्यांत दोन वेळा असे वाटले की पुस्तक मिटावे आणि पुन्हा उघडू नये, आणि एकदा असेही झाले की पहाटेचे तीन वाजून गेले तरी दिवा मालववेना. एकाच पुस्तकाविषयी एकाच वाचकाच्या मनात इतक्या परस्परविरोधी भावना का उमटाव्यात, याचा विचार करत बसलो तेव्हा लक्षात आले की यापूर्वी वाचलेल्या या प्रकारच्या बहुतेक कादंबऱ्यांनी मला असेच अर्धे तृप्त आणि अर्धे चिडलेले सोडले आहे. म्हणून पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव घेत नाही. नाव घेतले की पत्राचे परीक्षण होते आणि मग त्या लेखकाचे चाहते आणि टीकाकार आपापसांत भांडत बसतात, मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

कादंबरी सतराव्या शतकातली आहे. एका युरोपीय बंदरातल्या व्यापारी पेढीत कागदपत्रांच्या नकला करणारा एक नक्कलनवीस मरतो आणि त्याचा मृत्यू नैसर्गिक नाही हे पेढीतल्याच एका मध्यमवयीन हिशेबनिसाला हळूहळू उमगत जाते. 'हळूहळू' हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. पुस्तक सहाशे पानांच्या वर आहे, नक्कलनवीस मरतो तो शंभर पाने उलटल्यावर, आणि त्याला कोणी मारले असावे असा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे विचारला जातो तेव्हा वाचकाच्या उजव्या हातातली पाने डाव्या हातातल्या पानांइतकीच उरलेली असतात. ज्यांनी मला हे पुस्तक वाचू नकोस असे बजावले होते त्या सर्वांची तक्रार एकच होती, की ते फार संथ आहे. माझी तक्रार ती नाही. उलट या प्रकारच्या कादंबरीला संथ होण्याचा जितका अधिकार आहे तितका दुसऱ्या कुठल्याच रहस्यकथेला नाही असे मला वाटते, आणि हा अधिकार तिला कशामुळे मिळतो हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात राहत नाही, हे माझे खरे दुखणे आहे.

वर्तमानकाळातली रहस्यकथा वाचकाच्या सामान्य ज्ञानावर उभी असते. शेरलॉक होम्सच्या १८९२ सालच्या एका प्रसिद्ध कथेत तबेल्यातून शर्यतीचा घोडा रात्री नाहीसा होतो आणि तिथला कुत्रा भुंकत नाही. या न भुंकण्यातून होम्स गुन्हेगारापर्यंत पोचतो, आणि उलगडा झाल्यावर वाचक कपाळावर हात मारून घेतो, कारण परक्या माणसावर कुत्रा भुंकतो हे त्यालाही ठाऊक होते. त्याला जे ठाऊक होते त्याच्याच बळावर त्याला हरवले जाते, म्हणून त्या हरण्यात मौज असते. चारशे किंवा आठशे वर्षांपूर्वीच्या जगात शिरलेल्या वाचकाची ही शिदोरी दारातच काढून घेतलेली असते. तिथे कोणती गोष्ट नेहमीची आणि कोणती नवलाची हे त्याला कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळेच नवलाचे असते. जिथे रोजचे काय हेच माहीत नाही तिथे खटकणार काय? तेव्हा लेखकाला आधी ते रोजचे जग वाचकाच्या अंगवळणी पाडावे लागते आणि मगच त्यातली एखादी वीट हलवता येते. या अंगवळणी पाडण्याला वेळ लागतो, पाने लागतात, आणि ती पाने देण्यास मी आनंदाने तयार असतो.

माझ्या हातातल्या कादंबरीने हे एकदा इतके सुरेख केले होते की त्या एका जागेसाठी मी तिच्या लेखकाचे सगळे अपराध माफ करायला निघालो होतो. सुरुवातीच्या प्रकरणांत दोन व्यापारी एका हुंडीच्या मुदतीवरून नऊ पाने भांडतात. भांडणाचे कारण असे, की पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले, फ्रान्ससारख्या देशांनी ती सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली, पण इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही, आणि मधल्या सतराव्या शतकात दोन्ही तारखांमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. पॅरिसमध्ये १५ मे रोजी लिहिलेले पत्र पाच दिवसांत लंडनला पोचले तर तिथे तारीख असते १० मे, म्हणजे पत्र लिहिण्याच्या पाच दिवस आधीच ते हातात पडते! भर म्हणजे इंग्लंडमधले कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे तिथल्या कागदावर 'फेब्रुवारी १६५०' असे असले तर आपल्या हिशेबाने ते १६५१ असते. हुंडीची मुदत कुठल्या पंचांगाने मोजायची यावरून चाललेली ती नऊ पानांची हुज्जत मी गालातल्या गालात हसत वाचली आणि विसरून गेलो. दोनशे पानांनंतर एक संशयित आपण त्या दिवशी समुद्रापलीकडे होतो हे सिद्ध करण्यासाठी स्वतःच्या सहीचे एक पत्र पुढे करतो, हिशेबनीस त्यावरची तारीख दोनदा वाचतो आणि काही न बोलता परत देतो. पहाटेचे तीन वाजले ते त्याच रात्री. लेखकाने मला काहीही समजावून सांगितले नाही, कारण समजावून सांगायचे ते त्याने दोन भांडकुदळ व्यापाऱ्यांच्या तोंडून आधीच सांगून ठेवले होते.

काळाचे असे कितीतरी चमत्कार आपल्या हाताशी पडून आहेत. यांत्रिक घड्याळे रुळण्यापूर्वी युरोपातल्या मठांत आणि गावांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा भाग करत, त्यामुळे जिथे उन्हाळ्यात दिवस सोळा तासांचा आणि हिवाळ्यात आठ तासांचा असतो तिथे उन्हाळ्यातला एक 'तास' आपल्या ऐंशी मिनिटांचा आणि हिवाळ्यातला चाळीस मिनिटांचा होतो. साक्षीदार 'तिसऱ्या प्रहरघंटेपासून एका तासाने' असे म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा अर्थ ऋतूनुसार बदलतो. ज्या रहस्यकथेत कोण कधी कुठे होते यावर सगळी भिस्त असते, त्या रहस्यकथेला याहून मोठे देणे कोणते हवे? पण हे देणे वसूल करायचे तर आधी त्या मठातला एक उन्हाळा आणि एक हिवाळा वाचकाला जगायला द्यावा लागतो.

संथपणाचे दुसरे समर्थन साधनांच्या अभावात आहे, आणि तेही मला मान्य आहे. आर्सेनिकचा अंश शरीरात निश्चितपणे ओळखण्याची रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांची चाचणी १८३६ मधली. त्यापूर्वी या विषाने आलेले मरण पटकीसारख्या रोगाने आलेल्या मरणापासून वेगळे काढणे वैद्यालाही फार अवघड होते. बोटांच्या ठशांवरून खुनाचा छडा लागला तो अर्जेंटिनात, १८९२ साली. याआधीच्या काळात नेमलेल्या कुठल्याही शोधकाजवळ डोळे, कान, लोकांचे बोलणे आणि वाट पाहण्याची तयारी यांखेरीज काही नसते. पत्राचे उत्तर यायला महिना लागत असेल तर त्या महिन्यात त्याने करायचे काय, हाही कथानकाचाच भाग आहे. आणि ही वाट पाहणे कंटाळवाणे असलेच पाहिजे असेही नाही. चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सी यांनी १२४७ मध्ये मृत्यूंच्या तपासावर जो ग्रंथ लिहिला, त्यात एका खुनाची हकिकत आहे. जखमा विळ्याच्या होत्या, म्हणून अधिकाऱ्याने आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला लावले आणि तो थांबला. धुऊन पुसून आणलेल्या त्या विळ्यांपैकी एकावरच माश्या घोंघावू लागल्या. या हकिकतीत उन्हात उभी असलेली माणसे, मांडलेले विळे आणि काही माश्या एवढेच आहे, तरी मला ती पाठलागाच्या दहा प्रसंगांपेक्षा जास्त थरारक वाटते. कारण त्या थांबण्याला दिशा आहे.

आता तक्रारीकडे येतो. माझ्या कादंबरीच्या मध्यावर जहाजांचे दोर कसे वळतात, त्यांना डांबर कसे चोपडतात, बंदरावरची जकात किती प्रकारची असे, ती वसूल करणाऱ्यांच्या श्रेणी कोणत्या आणि त्या श्रेण्यांची मानचिन्हे कोणती, यांवर सलग चाळीस पाने आहेत. पहिली सहा मी नेटाने वाचली. सातव्या पानावर डोळे फिरू लागले, दहाव्यावर मी चक्क पाने उलटली आणि थेट पुढच्या प्रकरणावर जाऊन थांबलो. पुढचे तीन दिवस मला अपराधी वाटत होते. या पानांत काहीतरी पेरलेले असणार, शेवटी ते उगवेल आणि मला तोंडघशी पडावे लागेल, अशी भीती मनात होती. खरे सांगायचे तर ती भीती हाच त्या दिवसांतला माझा सर्वांत मोठा आनंद होता. पुस्तक संपले आणि काहीही उगवले नाही. ती चाळीस पाने मी ओलांडली याबद्दल मला कोणीही शिक्षा केली नाही. माझी तक्रार हीच आहे, की मला शिक्षा व्हायला हवी होती.

कारण त्याच पुस्तकात मला एकदा शिक्षा झालीही होती. शाई तयार करण्यावर एक छोटे प्रकरण आहे. मायफळे कुटून भिजत घालायची, त्यात हिराकस मिसळायचे, डिंक घालून ती दाट करायची, अशी ती रीत. ही शाई कागदावर उतरते तेव्हा फिकी असते आणि हवा लागून पुढच्या तासा-दिवसांत काळी होत जाते. हे वाक्य मी वाचले होते, पण डोळ्यांनी वाचले होते, मनाने नाही. पुढे एका जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या करारपत्राकडे हिशेबनीस पाहतो आणि लेखक केवळ एवढेच लिहितो, की अक्षरे राखाडी होती. दुसऱ्या दिवशी तो तेच पत्र पुन्हा मागवतो. मला काहीच कळले नाही आणि उलगडा झाल्यावर मी चरफडत मागे जाऊन ते प्रकरण शोधले. ते शाईचे प्रकरण आणि ही दोरांची चाळीस पाने वरवर पाहता एकाच जातीची आहेत. दोन्हींत अभ्यास आहे, दोन्हींत कथा थांबलेली आहे, दोन्हींची भाषाही तितकीच नेटकी आहे. फरक एवढाच की एकात मला न कळत शिकवले जात होते आणि दुसऱ्यात लेखक स्वतः काय शिकला ते मला दाखवत होता.

असे का होते हे मी समजू शकतो. दोन-चार वर्षे दप्तरखान्यांत धूळ खाल्लेल्या माणसाला हाती लागलेली प्रत्येक गोष्ट मोलाची वाटणारच आणि ती टाकून देताना त्याच्या जिवावर येणारच. शिवाय 'लेखकाने केलेले सखोल संशोधन पानोपानी जाणवते' हे वाक्य आम्ही वाचकच कौतुकाने बोलत आलो आहोत, तेव्हा दोष थोडा आमच्याही पदरात पडतो. पण संशोधन पानोपानी जाणवावे ही खरोखरच स्तुती आहे का, याचा आपण सर्वांनी एकदा विचार करावा. या हव्यासाचे सर्वांत केविलवाणे रूप संवादांत दिसते. दोन सख्खे भाऊ एकमेकांना 'तुला ठाऊकच आहे की आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर राजाने नवा कर लादला' असे सांगू लागले की मला त्या दोघांच्या पाठीमागे टिपणवह्या घेऊन उभा असलेला लेखक दिसू लागतो.

संथ कादंबरीची बाजू घेताना अनेकदा इटालियन लेखक उंबेर्तो एको यांचे उदाहरण दिले जाते. 'द नेम ऑफ द रोझ' ही त्यांची मध्ययुगीन मठात घडणारी रहस्यकादंबरी १९८० साली इटालियन भाषेत प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी स्नेह्यांनी आणि संपादकांनी त्यांना पहिली शंभर पाने आटोपशीर करण्याची सूचना केली होती आणि त्यांनी ती साफ नाकारली. ज्याला त्या मठात सात दिवस राहायचे आहे त्याने मठाची गती स्वीकारलीच पाहिजे, ती पाने म्हणजे एक प्रकारचे प्रायश्चित्त आहे, आणि ज्याला ते झेपत नसेल त्याने डोंगराच्या पायथ्याशीच थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा बाणेदारपणा मला आवडतो. मात्र तो दाखला पुढे करणाऱ्यांना एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. त्या सुरुवातीच्या पानांत भिक्षूंच्या लेखनशाळेत एक वाद होतो, वरवर पाहता अगदी फुटकळ आणि पंडिती, आणि शेवटच्या पानांवरच्या उलगड्याचे मूळ त्या वादात असते. वाचकाकडून घेतलेले प्रायश्चित्त तिथे फुकट गेलेले नाही. शंभर पानांची चढण चढायला लावण्याचा हक्क मागायचा तर वर मठ असावा लागतो.

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले, त्यांपैकी एक असा की शोधकाला सापडलेला दुवा तत्काळ वाचकापुढेही ठेवला गेला पाहिजे. आपल्या प्रकारच्या कादंबरीला हा नियम अपुरा पडतो असे माझे मत आहे. राखाडी अक्षरे माझ्यापुढे ठेवली म्हणजे दुवा ठेवला असे होत नाही. त्या शाईचा स्वभाव मला आधी सांगितलेला असेल तरच तो दुवा होतो. याच कादंबरीतला एक दुवा मात्र असा होता, की त्याचा अर्थ लावण्यासाठी लागणारे तत्कालीन वारसाहक्काचे ज्ञान शोधकाने शेवटच्या प्रकरणात, तेही गुन्हेगारासमोर उभे राहून, पहिल्यांदा उच्चारले. सहाशे पानांत जकातदारांच्या मानचिन्हांना जागा मिळते आणि ज्या कायद्यावर खुनाचे कारण उभे आहे त्याला चार ओळी मिळत नाहीत, हे पाहून मला संताप आला. इतक्या संथ पुस्तकाला घाईचा दोष द्यावा लागावा ही गंमतच म्हणायची, पण शेवटची वीस पाने खरोखर धावतपळत उरकलेली आहेत. गुन्हेगार सापडतो, एका दमात सगळे कबूल करतो आणि मरतो. ज्याच्यासोबत मी तीन आठवडे एकाच पेढीत बसलो, तो खुनी आहे हे कळल्यानंतर त्याच्याकडे नव्या नजरेने पाहण्यासाठी मला दहा मिनिटेही मिळाली नाहीत.

संपादकांसाठी एक स्वतंत्र विनंती आहे. पुस्तक संथ आहे हे ओळखून आपण अलीकडे जो उपाय शोधला आहे, तो कृपया थांबवावा. सुरुवातीला तिरप्या अक्षरांत दोन पानांचा उपोद्घात असतो. त्यात रात्र असते, धावणारी पावले असतात, रक्त असते आणि कुणाचेच नाव नसते. मग पहिले प्रकरण सुरू होते आणि शंभर पाने काहीही घडत नाही. यामुळे पुस्तक वेगवान होत नाही, फक्त वाचकाला फसवून आत ओढल्यासारखे होते आणि त्या शंभर पानांवर तो उगाचच रागावतो. माझ्या कादंबरीलाही असा उपोद्घात होता. तो कापला असता तर मी तिच्यात अधिक विश्वासाने शिरलो असतो. कात्री चालवायचीच असेल तर पुस्तक सरसकट वीस टक्क्यांनी छाटण्यापेक्षा प्रत्येक प्रकरणापाशी लेखकाला विचारावे, की हे ओलांडून गेलेल्या वाचकाचे पुढे नेमके कुठे अडेल? त्याला ती जागा दाखवता आली तर एक शब्दही कमी करू नये. हे विचारणे किती वेळखाऊ आहे याची मला कल्पना आहे, पण त्याखेरीज शाई आणि दोर यांतला फरक कसा कळणार?

याउलट काही गोष्टी आपण बिनदिक्कत वाढवाव्यात. पेढीचा आणि बंदराचा नकाशा मी इतक्या वेळा पाहिला की ते पान आता सुटायला आले आहे. शेवटी लेखकाने जे टिपण दिले आहे, ज्यात खरी माणसे कोणती, कल्पित कोणती आणि कुठल्या घटनेची तारीख सोयीसाठी पुढेमागे केली हे प्रांजळपणे सांगितले आहे, ते तर मी दोनदा वाचले. फक्त खऱ्या माणसांबाबत एक अडचण आहे. इतिहासात ज्याची नोंद आहे आणि जो पुढे वीस वर्षे सुखाने जगून अंथरुणात मेला असे आम्हाला ठाऊक आहे, तो खुनीही असू शकत नाही आणि बळीही पडू शकत नाही, त्यामुळे तो दिवाणखान्यात शिरला की संशयितांच्या यादीतून आम्ही एक नाव आपोआप खोडतो. या खोडीचाच कुणी लेखक एकदा आमच्याविरुद्ध उपयोग करील तर मी त्याचे पुस्तक कितीही जाडजूड असले तरी वाचीन.

पुस्तक संपून आता दोन दिवस झाले आहेत. या दोन दिवसांत मी दुसरे काही वाचायला घेतलेले नाही, कारण त्या पेढीतला ओलसर उजेड, टाकांची कुरकुर आणि हिशेबनिसाचे ते तारीख दोनदा वाचणे अजून डोळ्यांपुढून हलत नाही. वेगवान रहस्यकथेने माझे असे कधी केलेले नाही. तिचा खुनी सापडला की मी तिच्यातून मोकळा होतो आणि आठवड्याभरात त्याचे नावही आठवत नाही. इथे खुनी मला जवळजवळ निरर्थक वाटला आणि तरीही त्या जगातून बाहेर पडायला मन तयार नाही. ही तक्रार आहे की पावती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. काल रात्री मी ती चाळीस पाने पुन्हा काढली आणि दोर वळण्याच्या भागापर्यंत सावकाश वाचत गेलो. जकातीची मानचिन्हे अजून बाकी आहेत. त्यांत एखादा दुवा असलाच आणि तो मला एकट्यालाच दिसला नसला, तर कृपया कळवावे; मी हे पत्र मागे घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक संथ वाचक